चारशे छप्पन्न भरत्या

उघाडीच्या आतल्या बाजूला, गोड्या पाण्याच्या चरात, तीन निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. सुगंधाकाकी घरत काठी टेकून वाकल्या, चरातलं पाणी चुळकाभर घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकल्या.

"खारं!"

बांधावरून जोमा भोईर फावडं खांद्यावर टाकून चालला होता. तो हसला. "काकी, तीन वर्षं झाली तुला सुट्टी देऊन. तरी रोज सकाळी उघाडीवर हजेरी! यंत्राला पगार नाही, तुलाही नाही. जोडी छान जमलीय तुमची."

"जोमा, उद्या तुझ्या रोपांच्या वाफ्यात निवट्या निघाल्या की कालवण कर, आणि मलाही जेवायला बोलव."

जोमाचं हसू थांबलं. निवटी हा खाडीच्या चिखलात राहणारा मासा. तो बांधाच्या आत सापडला, याचा अर्थ खाडीचं पाणी आत आलं होतं.

कासवखार हे गावच मुळी बांधाच्या भरवशावर वसलेलं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला तीनशे एकर भात आणि गावाचं पिण्याच्या पाण्याचं तळं. बांधाला जे दार असतं ते म्हणजे उघाडी. भरती चढू लागली की ते मिटायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला उघडायचं, म्हणजे आत साचलेलं पावसाचं पाणी बाहेर जातं. ऐकायला सोपं वाटतं. पण पावसाळ्यात दार मिटण्याआधी आतलं पाणी काढून ठेवावं लागतं, नाहीतर रोपं गोड्या पाण्यातच बुडून कुजतात. म्हणून भरती किती वाजता आणि किती उंच येणार, हे आठ-दहा तास आधी कळायला हवं. चुकलं आणि खारं पाणी एकदा शेतात भरलं, तर पुढचे तीन पावसाळे तिथे भात होत नाही.

बावीस वर्षं हे काम सुगंधाकाकींनी केलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला भरती. पण सासऱ्यांनी शिकवलं नव्हतं ते एक काम काकींनी आपणहून सुरू केलं. प्रत्येक भरतीला उघाडीच्या खांबावर पाणी किती फूट चढलं, वारा कुठला होता, आणखी काय दिसलं, हे त्या वहीत लिहू लागल्या. अशा एकोणीस वह्या भरल्या.

तीन वर्षांपूर्वी, दोन हजार एक्केचाळीस साली, सरकारने खाडीवरच्या चौदा उघाड्यांना 'राखण' नावाची यंत्रणा बसवली. दारं आता मोटरवर चालत होती, आणि ती कधी मिटायची हे राखण ठरवत होती. कासवखारची वळणावळणांची खाडी राखणला शिकवायला काकींच्या वह्या वापरल्या होत्या. त्या सगळ्या संगणकात भरल्या होत्या शलाकाने, काकींच्या एकुलत्या एक मुलीने. शलाका जिल्ह्याच्या गावी खाडी नियंत्रण केंद्रात नोकरीला होती, आणि येत्या जुलैपासून चौदाही उघाड्या तिच्या हाताखाली येणार होत्या.

काकींनी तिथूनच फोन लावला.

"शलाका, पहाटे दार उशिरा मिटलं. आतल्या भिंतीवर चार बोटं ओली रेघ आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग शलाका म्हणाली, "मी येतेच आहे, आई. मला पण तुझ्याशी बोलायचंय. फोनवर नको."

*

शलाका दुपारी आली. चपला काढल्या, पाणी प्यायली आणि ओटीवर आईच्या समोर बसली.

"राखण स्वतःची तपासणी करते, दर सहा महिन्यांनी," ती म्हणाली. "चंद्राच्या गणितावरून भरती कधी यायला हवी होती ते काढते आणि तुझ्या नोंदींशी ताडून बघते. तुझ्या दिवसाच्या नोंदी तंतोतंत जुळतात. पण मध्यरात्रीनंतरच्या, पहाटेच्या, सगळ्या चुकतात. जवळजवळ पन्नास मिनिटांनी. एक-दोन नाही, आई. सगळ्या."

"मी चुकीचं लिहिलं?"

"मी म्हणत नाही. राखण म्हणते. तिने तुझ्या वह्यांना एक्केचाळीस टक्के भरवसा दिलाय. पंचवीस तारखेला वह्या काढून टाकणार. पुढे आपली उघाडी अख्ख्या किनाऱ्याच्या अंदाजावर चालेल."

"किनाऱ्याला आपलं वळण माहीत आहे?"

"नाही."

"नैऋत्येचा वारा सुटला की वळणाला पाणी तुंबतं, हे माहीत आहे?"

"नाही, आई."

"आणि सत्तावीस तारखेला आषाढातली बीज. उधाणाची भरती." काकींनी पदर खोचला. "म्हणजे नऊ दिवस आहेत. तुझं यंत्र नोंद शोधतं कसं, ते मला आधी समजावून सांग. पहिलीच्या पोरीला सांगतेस असं समज."

शलाकाने इकडे तिकडे पाहिलं. चुलीजवळ अंड्यांचा रिकामा ट्रे होता, तीस खळग्यांचा. तो तिने मध्ये ठेवला आणि डब्यातून मूठभर चिंचोके आणले.

"हा खळगा म्हणजे एक वेळ. अमुक वर्ष, अमुक महिना, अमुक दिवस, इतके वाजून इतकी मिनिटं. त्या खळग्याचं नाव म्हणजे किल्ली. तुझी नोंद म्हणजे चिंचोका. आपण यंत्राला नोंद मागतो तेव्हा ते चिंचोके चाचपत बसत नाही. किल्ली वाचतं आणि सरळ त्या खळग्यात हात घालतं."

"मग किल्ली चुकली तर?"

"तर चिंचोका चांगला असून उपयोग नाही. दुसऱ्याच वेळेचा हाताला लागतो."

"आणि यंत्राला ते कळत नाही."

"कसं कळेल? खळग्यात चिंचोका तर आहे!"

काकींनी एक चिंचोका खळग्यात टाकून पाहिला. "माझ्या वहीत तिथी आहे. तू तारीख कशी काढलीस?"

"पंचांगावरून. कुठल्या तिथीची कुठली तारीख, हे कोष्टक यंत्रात आहे. तू लिहिलंस 'द्वितीया, पहाटे अडीच', की कोष्टक द्वितीयेची तारीख देतं आणि मी पुढे अडीच लिहिते." शलाका थांबली. तिने भुवया उंचावल्या. "आई, समज मंगळवारी पहाटे अडीचला तू पाणी मोजलंस. वहीत कुठल्या वारी लिहायचीस?"

"सोमवारी."

"पण बारा वाजून गेले होते ना? मंगळवार लागला होता!"

"मंगळवार लागायला सूर्य नको उगवायला?" काकींना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "उजाडल्याशिवाय वार कसा बदलेल? तुझे आजोबाही वार असाच धरायचे, मीही."

शलाकाने कपाळावर हात मारला. मग एक चिंचोका उचलला आणि एक खळगा पुढे सरकवला.

यात घडलं होतं ते असं. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घड्याळाचा मध्यरात्री. मध्यरात्र ते सूर्योदय एवढाच काळ दोघांच्या हिशेबात वेगवेगळ्या दिवसांत पडतो. त्या वेळेतली प्रत्येक नोंद यंत्रात एक दिवस अलीकडे जाऊन बसली होती. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे एका दिवसाची चूक म्हणजे पन्नास मिनिटांची चूक. म्हणून तर दार पहाटे उशिरा मिटत होतं. आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. वाऱ्याच्या आणि पावसाच्या नोंदी वेधशाळेकडून येत, त्या घड्याळाच्या तारखेने. राखण एकाच किल्लीचं पाणी आणि एकाच किल्लीचा वारा शेजारी ठेवून शिकत होती. तिच्यासमोर पाणी बुधवारचं आणि वारा मंगळवारचा आला. अशा हजारो जोड्या पाहून ती एक खोटाच धडा शिकली, की कासवखारला वाऱ्याचा पाण्याशी फारसा संबंध नाही.

"वही बरोबर, यंत्रही बरोबर," शलाका म्हणाली, "आणि दोघांमधली किल्ली चुकीची."

"मग बदल की. बसलीस काय!"

*

दोन दिवसांनी शलाकाचा फोन आला. तिचा आवाज उड्या मारत होता.

"आई, चौऱ्याऐंशी! एक्केचाळीसवरून चौऱ्याऐंशी टक्के. कर्णिक सर म्हणाले, वह्या राहणार."

कर्णिक हे केंद्राचे प्रमुख. काकींनी देवाला नाही, वह्यांच्या ट्रंकेला हात लावला. मग म्हणाल्या, "आता मला एक नोंद काढून दाखव. दोन हजार चौतीस सालचं ते पाणी."

"कुठलं?"

"कुठलं काय विचारतेस? खांबावर ऑइलपेंटची तांबडी रेघ कशाची आहे? अकरा फूट चार इंच. बीजेच्या दुपारी. तीन ठिकाणी बांध खचला होता, आणि सगळा गाव मातीच्या पाट्या डोक्यावर घेऊन उभा होता."

कळफलकाची टकटक ऐकू आली. "आषाढ शुद्ध द्वितीया, चौतीस. सतरा जुलै. आठ फूट नऊ इंच. वारा मंद."

"ते नव्हे."

"आई, आषाढातली बीज एकच असते."

"नव्हे म्हणते ना! तुझ्या आत्याचा जावई पहिल्यांदा आला होता तेव्हा. त्याला तेहतीस अनारसे द्यायला घरची माणसं गेली, आणि येताना बांधाबाहेरचा रस्ता पाण्याखाली. अनारसे कुठल्या महिन्यात देतात, सांग."

टकटक थांबली.

"अधिकात," शलाका हळू आवाजात म्हणाली.

"त्या वर्षी अधिक आषाढ होता. दोन आषाढ, दोन बिजा. पहिलीचं ते पाणी."

"आई, तू वहीत 'अधिक' लिहिलं होतंस?"

काकींनी ट्रंक उघडली, तेरावी वही काढली, पानं चाळली. "लिहिलंय. महिन्याच्या पहिल्या पानावर, वर. पुढे रोज काय लिहायचं? सगळ्यांना माहीत असतं."

शलाका संध्याकाळच्या गाडीने घरी आली. आल्याबरोबर तेरावी वही मांडीवर घेतली. दोन्ही आषाढ शेजारी शेजारी वाचले. तिचा चेहरा उतरत गेला.

"मी भरताना यंत्राने विचारलं होतं," ती म्हणाली. "'या किल्लीची नोंद आधीच आहे. बदलायची?' मी 'हो' म्हटलं. प्रत्येक वेळी."

"का गं?"

"कारण तू पानं उतरवून काढायचीस! पावसात वही भिजली की सुकवून, नवीन पानावर सुवाच्य अक्षरात. लहानपणापासून बघत आले. मला वाटलं, हे उतरवलेलं पान आहे. म्हणजे नवीन तेच खरं. जुन्यावर नवीन बसवत गेले." तिने कागदावर आकडे मांडले. "बावीस वर्षांत आठ अधिक महिने. चारशे छप्पन्न भरत्या, आई. मी पुसल्या. आणि राखणला वाटतं, त्या दिवसांत इथे कोणी मोजतच नव्हतं. अकरा फूट चार इंच तिला माहीतच नाही."

काकींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पुसल्या तुझ्या यंत्रातून. वहीत आहेत की. भर परत."

"तेवढं सोपं नाही." शलाका उठून ओटीच्या कडेला जाऊन उभी राहिली. "एकदा दुरुस्ती झाली की नोंदी मोहोरबंद होतात. पावसाळा संपेपर्यंत हात लावता येत नाही. उघडायच्या तर एकच वाट आहे. ज्याने नोंद केली त्याने लेखी द्यायचं, की चूक माझी. आणि ज्याने तसं दिलं, त्याला उघाड्यांचा ताबा मिळत नाही."

जुलैपासूनची बढती. काकींना कळलं.

"मग चूक माझी म्हणून सांग," त्या ताबडतोब म्हणाल्या. "म्हातारीने रोजच्या पानावर 'अधिक' लिहिलं नाही. खोटं थोडंच आहे? माझी काय बढती अडकलीय!"

शलाका वळली. "आणि लिहिणाराच चुकतो असं कागदावर आलं, तर वह्यांचं काय होईल? भरवसा पुन्हा खाली. पंचवीसला वह्या बाहेर. आई, लिहिणारा चुकला तर वह्या जातात. भरणारा चुकला तर वह्या राहतात."

काकी उठल्या. त्यांनी दोन ताटं वाढली. दोघी जेवल्या. हात धुताना शलाका म्हणाली, "सकाळी माझ्याबरोबर चल. तेरावी वही घे. पण साहेबांसमोर तू तोंड उघडायचं नाही."

"बघू," काकी म्हणाल्या.

*

कर्णिकांनी तेरावी वही दोन्ही हातांनी धरून पाहिली, आषाढावरून दुसऱ्या आषाढावर नजर फिरवली आणि चष्मा काढला.

"शलाका, हे लिहून दिलंत तर जुलैचा हुकूम मला थांबवावा लागेल. नोंदणीच्या टेबलावर एक वर्ष. तुमची प्रत्येक नोंद दुसरं कुणीतरी तपासेल."

"माहीत आहे, सर."

"साहेब," काकींना राहवेना, "पानावर मी—"

"आई!"

"मी म्हणत होते," काकींनी शब्द फिरवला, "पानावर मी वाचून दाखवीन, ही भरेल. दोघींनी मिळून लवकर होईल. एवढंच."

कर्णिकांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "घरतबाई, पंचवीसच्या संध्याकाळपर्यंत. त्यानंतर पुन्हा मोहोर."

शलाकाने अर्ज तिथेच लिहिला. चार ओळींचा. खाली सही केली.

मग चार दिवस त्या मायलेकी केंद्रातल्या एका टेबलाशी बसल्या. काकी वाचत, शलाका भरत असे. या वेळी किल्ली कशी असावी हे शलाकाने आधी ठरवलं. तेही इथे समजून घेऊ, कारण त्यात गंमत आहे. आपण तारीख लिहिताना आधी दिवस लिहितो, मग महिना, मग वर्ष. माणसाला ते सोयीचं. पण यंत्र किल्ल्या शब्दकोशातल्या शब्दांसारख्या लावतं, डावीकडच्या पहिल्या अक्षरापासून. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या सगळ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एका जागी गोळा होतात, आणि 'अठरा जूनपासून वीस जूनपर्यंतच्या नोंदी दे' म्हटलं की भलत्याच पुढे येतात. म्हणून मोठं आधी, लहान नंतर. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट. एक आकडी असेल तिथे आधी शून्य, आणि तास चोवीसांचे. अशी किल्ली लावली की काळाचा क्रम आणि किल्लीचा क्रम एकच होतो.

"अधिक आषाढ शुद्ध द्वितीया, दुपारी दीड," काकी वाचत.

"२०३४-०६-१८-१३-३०," शलाका म्हणे.

"आणि माझी तिथी? ती टाकून दिलीस?"

"नाही. शेजारच्या रकान्यात, जशीच्या तशी. अधिकसाठी वेगळा रकाना. यापुढे मूळ नोंदीवर काही बसवायचं नाही."

"पुढे वाच म्हणशील तर वाचते. पाणी अकरा फूट चार इंच. वारा नैऋत्य, जोराचा. सकाळी अकरापासून वळणाला पांढरा फेस साचलेला. दार दहा पन्नासला मिटलं, म्हणून आत पाणी आलं नाही. बांध वरून खचला, तो लगेच भरला."

"फेसाचं पण भरू?"

"मी कशाला लिहिलं होतं मग?"

शेवटची नोंद पंचवीस तारखेला संध्याकाळी पावणेसहाला भरली. चारशे छप्पन्न. दोघींनी दोनदा मोजल्या.

*

सत्तावीस जूनला सकाळपासून पावसाची झोड उठली होती. शलाकाने रजा घेतली होती. ती आणि काकी इरलं आणि रेनकोट घालून उघाडीवर होत्या, आणि बांधाच्या खचू शकतील अशा जागी जोमासकट तीस-चाळीस माणसं मातीच्या गोण्या रचत होती. राखणने पहाटेच्या ओहोटीपासूनच दार पूर्ण उघडं ठेवून उघाडीवरचे दोन्ही पंप लावले होते. चर तळापर्यंत उपसला होता.

साडेदहाला काकींचा फोन वाजला. कर्णिक होते.

"घरतबाई, इथे दोन मतं आहेत. किनाऱ्याचा अंदाज म्हणतो, पाणी नऊ फूट दोन इंच, दार बारा वीसला मिटा. राखण म्हणते, अकरा फुटांच्या वर, दार आत्ता दहा पन्नासला मिटा. दीड तास आधी मिटलं आणि हा पाऊस असाच पडला, तर आतली रोपं बुडतील. उशिरा मिटलं आणि राखण खरी ठरली, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "मतं जुळली नाहीत की माणसाची संमती लागते. ती मी द्यायची आहे. तुम्हाला तिथे काय दिसतंय?"

काकींनी डोळ्यांवर हात धरला. "वारा नैऋत्येचा. आणि वळणाला फेस धरू लागलाय. पांढरा. साहेब, चौतीस सालची बीज काढा आणि वाचा."

"काय मागू?"

शलाकाने फोन जवळ घेतला. "सर, २०३४-०६-१८. पूर्ण दिवस."

टकटक झाली. मग कर्णिक मोठ्याने वाचू लागले, "वारा नैऋत्य, जोराचा. सकाळी अकरापासून वळणाला पांढरा फेस... दार दहा पन्नासला..." ते थांबले.  "घरतबाई, यात लिहिलंय, दार मिटलं म्हणून आत पाणी आलं नाही. हे तुम्ही स्वतः पाहिलं होतं?"

"मी स्वतः मिटलं होतं, साहेब. हातांनी."

"ठीक. देतो संमती."

मोटरचा गुरगुराट झाला. दार खाली सरकू लागलं, तळाच्या दगडी उंबऱ्यावर बसलं, आणि कडेने फुसफुसणारं पाणी बंद झालं. शलाकाने घड्याळ पाहिलं. दहा वाजून बावन्न मिनिटं.

मग वाट बघायची वेळ. साडेअकराला पाणी सात फुटांवर. बाराला साडेआठ. बारा वीसला, म्हणजे किनाऱ्याच्या अंदाजाने दार जेव्हा मिटायला हवं होतं तेव्हा, खांबावर पाणी नऊ फूट आठ इंच होतं आणि लाटा दारावर धाडधाड आपटत होत्या. जोमा गोणी टाकून धावत आला, त्याने खांबाकडे पाहिलं, मिटलेल्या दाराकडे पाहिलं, आणि परत पळत गेला. एक वाजता अकरा फूट. दीड वाजता तांबडी रेघ दिसेनाशी झाली.

काकींनी खुणांची काठी पाण्यात सरळ धरली. शलाकाने त्यांना कमरेभोवती घट्ट धरलं होतं.

"अकरा फूट सहा," काकी ओरडल्या. "चौतीसपेक्षा दोन इंच जास्त!"

त्या दोन इंचांवर पाणी वीस मिनिटं थांबलं. बांधावर गोण्यांची रांग होती तिथून थोडं थोडं पाझरलं, माणसांनी ते चिखलाने दाबलं. मग रेघेचा वरचा काठ दिसू लागला. मग अख्खी रेघ. कुणीतरी आरोळी ठोकली, आणि ती बांधभर पसरत गेली.

काकी खाली उतरल्या. आतल्या चरात हात घातला, पाणी जिभेला लावलं आणि गिळलं.

"गोडं," त्या म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आपली वही घेऊन केंद्रात गेल्या. शलाका नोंदणीच्या टेबलाशी बसली होती, दाराजवळच्या जुन्या खुर्चीत. शेजारी तिची प्रत्येक नोंद तपासायला नेमलेल्या बाई चहा घेत होत्या.

"सांग," शलाका म्हणाली.

"आषाढ शुद्ध द्वितीया. दुपारी दीड."

"अधिक?"

"यंदा अधिक नाही गं!"

"माहीत आहे. पण तो रकाना मोकळा ठेवायचा नाही. 'नाही' असं लिहायचं."

"बरं, लिही बाई, नाही. पाणी अकरा फूट सहा इंच. आणि त्याच्या पुढची भरती रात्री दोनला थोडी कमी. ती पण सत्तावीसचीच."

"ती अठ्ठावीसची, आई."

"तुझ्या घड्याळाची अठ्ठावीसची. माझी सत्तावीसचीच."

"दोन्ही लिहिते," शलाका म्हणाली, आणि पहिली किल्ली भरली. २०४४-०६-२७-१३-३०.

पडद्यावर चौकट उघडली. त्या वेळेची एक नोंद आधीच तिथे होती. उघाडीवरच्या यंत्राच्या डोळ्याने ती आपोआप पाठवली होती. तिच्यात पाणी होतं नऊ फूट अकरा इंच, कारण त्या डोळ्याला त्याच्या वरचं मोजताच येत नव्हतं.

तपासणाऱ्या बाईंनी कप खाली ठेवला आणि पुढे झुकून पाहिलं.

शलाकाने चौकटीतलं वाक्य या वेळी घाई न करता, आईला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं.

"'या किल्लीची नोंद आधीच आहे. बदलायची?'"

खाली 'हो' होतं, 'नाही' होतं. आणि गेल्या आठवड्यात, पंचवीस तारखेची मोहोर बसायच्या आधी, कर्णिकांची परवानगी काढून तिने स्वतः बसवलेलं तिसरं बटण होतं. तिने ते दाबलं.

'दोन्ही ठेवा.'